डिनर जॅकेटची फिटिंग रोजच्या सुटापेक्षा वेगळी ठेवावी का?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा असून सध्या केंब्रिजमध्ये संशोधन करतो. येत्या जूनमध्ये आमच्या कॉलेजचा मे बॉल, म्हणजे रात्रभराचा नाचगाण्याचा समारंभ, आहे. नावात मे असला तरी हे बॉल परीक्षा आटोपल्यावर जूनमध्येच होतात. संध्याकाळी सुरू झालेला कार्यक्रम उजाडेपर्यंत चालतो आणि तोवर टिकून राहिलेल्यांचे एक सामुदायिक छायाचित्रही काढले जाते. निमंत्रणावर पुरुषांसाठी ‘ब्लॅक टाय’, म्हणजे डिनर जॅकेट आणि काळा बो टाय, असा पोशाख सांगितला आहे. ईस्टरच्या सुट्टीत मी पुण्याला येणार असल्याने तिथल्या आमच्या नेहमीच्या टेलरकडून डिनर जॅकेट आणि पॅन्ट शिवून घ्यावी, असा विचार आहे.

भावाच्या लग्नात शिवलेला एक गडद निळा सूट माझ्याकडे आहे आणि तो अंगावर चांगला बसतो. त्याच मापावर काळे कापड घेऊन लॅपलला (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीला) सॅटिन लावले की काम झाले, असे मला वाटले होते. टेलरकाकांशी फोनवर बोललो, तेव्हा ते म्हणाले की समारंभाचा कपडा आहे, तर छाती आणि कंबर थोडी आवळून घेऊ, कोटाची उंचीही इंचभर कमी करू, म्हणजे स्मार्ट दिसेल. दरम्यान इथल्या एका दुकानात तयार डिनर जॅकेट घालून पाहिले. खांदे आणि बाह्या व्यवस्थित असूनही काहीतरी बिनसलेले वाटत होते. आरशात नीट पाहिल्यावर लक्षात आले की बंद केलेल्या बटणाच्या खाली आणि पॅन्टच्या वर शर्टाचा एक पांढरा त्रिकोण उघडा पडतो आहे. माझ्या निळ्या सुटातही तेवढा शर्ट दिसत असणार, पण तिथे तो कधी नजरेत आला नाही.

रात्रीच्या औपचारिक पोशाखाची फिटिंग रोजच्या सुटाहून खरोखर वेगळी असते का, असल्यास ती कुठे वेगळी असते आणि टेलरकाकांना नेमके काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझी उंची ५ फूट ८ इंच, छाती ३८ आणि कंबर ३३ आहे. सीट (नितंबांचा भाग) थोडी भरलेली आहे.

गजपट्टी

गिरगावातल्या आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासून कोट शिवले जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी टेलरकाकांचा मुद्दा घेतो, कारण तो हल्ली सर्रास ऐकू येतो आणि माझ्या मते तो पुरता उलटा आहे. समारंभाचा कोट म्हणून तो आवळायचा नसतो. डिनर जॅकेटचा जन्मच मुळी मोकळेपणासाठी झाला. १८६५ मध्ये लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल या पेढीने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी, सँड्रिंगहॅमच्या घरगुती जेवणांच्या वेळी घालायला एक आखूड कोट शिवला. औपचारिक मेजवानीत तेव्हा टेलकोट (मागे लांब शेपट्या असलेला कोट) घालावा लागे आणि त्यातून सुटका मिळावी, हाच या आखूड कोटाचा हेतू होता. तो आपण आता अंगाला चिकटवून घेणार असू, तर मूळ हेतूच हरवतो.

खांदा, कॉलर, छाती आणि बाही यांचे नियम दोन्ही कोटांना एकच आहेत. कॉलर मानेमागे शर्टाला टेकलेली असावी, खांद्याची शिवण खांदा संपतो तिथेच संपावी, तयार कोटाच्या छातीला अंगाच्या मापापेक्षा साधारण ४ इंच लूझिंग, म्हणजे मोकळीक, असावे आणि बाहीखालून शर्टाचा कफ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर दिसावा. कोटाची उंची कमी करू देऊ नका. कॉलरच्या शिवणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे आणि कोट त्याच्या निम्म्यापर्यंत यावा, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. सीट झाकली गेली पाहिजे, एवढे तरी पाहावेच. आखूड कोट ऑफिसच्या सुटात फॅशन म्हणून खपून जातो. डिनर जॅकेटमध्ये त्याने कमरेखालची सगळी रचनाच उघडी पडते.

खरा फरक कमरेपाशी सुरू होतो आणि आपला पांढरा त्रिकोण तिथलाच आहे. निळ्या सुटात तो का दिसला नाही? कारण तिथे टाय होता. लांब टाय पट्ट्यापर्यंत उतरतो आणि कोटाचे बटण व पॅन्ट यांच्यामधली फट झाकतो. डिनर जॅकेटसोबत बो असतो आणि बोखाली झाकायला काहीच नसते. वर काळे, खाली काळे, मध्येच चमकणारा पांढरा तुकडा दिसला की नजर सगळीकडून तिथेच येऊन थांबते. त्यासाठी दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. एक म्हणजे कोटाचे एकमेव बटण खऱ्या कमरेवर, बेंबीच्या किंचित वर यायला हवे. तयार कपडेवाले लॅपल लांब आणि अंग सडपातळ दिसावे म्हणून ते पुष्कळदा खाली उतरवतात. दुसरे म्हणजे पॅन्टचा राइज, म्हणजे दोन पाय जुळतात तिथपासून पट्ट्यापर्यंतची उंची. आजकालच्या पॅन्टला पुढून ९ ते १० इंच राइज असतो, म्हणजे ती कमरेवर बसत नाही, नितंबांच्या हाडांवर लटकते. आपल्या उंचीला तो ११ ते साडेअकरा इंच ठेवायला सांगा, म्हणजे पॅन्टचा पट्टा बेंबीपाशी येईल. त्यावर कमरबंद (कमरेभोवतीचा चुण्यांचा रुंद कापडी पट्टा) किंवा खोल गळ्याचा वेस्टकोट आला की कोट उघडा असतानाही शर्ट आणि पॅन्ट यांची सीमा दिसत नाही. राइज वाढवला नाही, तर हजारो रुपयांचे कापड घेऊनही तो त्रिकोण जाणार नाही.

दुसरा फरक पाठीमागे असतो. रोजच्या सुटाला मागे एक किंवा दोन कट (खालच्या काठापासून वर जाणाऱ्या उभ्या फटी) असतात, डिनर जॅकेटला परंपरेने एकही नसतो. कट हा टेलरचा मोठा मित्र आहे, कारण सीटला कापड अर्धा-पाऊण इंच कमी पडले तरी तो फाकतो आणि कोट कसाबसा बसतो. कट नसला की तेच कमी पडलेले कापड कमरेपाशी चढते, तिथे आडव्या चुण्या पडतात आणि बसून उठल्यावर कोट आपोआप खाली येत नाही. आपली सीट भरलेली आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून हे माप निळ्या सुटावरून उचलू नये, अंगावरून नव्याने घ्यावे आणि कोटाच्या घेरात तिथे मोकळीक जास्त द्यावी. खिशांना फ्लॅप नसतात, त्यामुळे घेर घट्ट असला तर खिशाचे तोंड उघडे पडते. तेही आतल्या अस्तरासह सगळ्यांना दिसते.

तिसरी गोष्ट सॅटिनची. साध्या लोकरी कापडाच्या लॅपलमधला दोष आपल्यालाही कधी कधी शोधावा लागतो, सॅटिनवर तो दिवा दाखवतो. छाती जरा जरी आवळली की लॅपल मधून फुगतो आणि त्याच्यावरची चमकेची रेघ सरळ न उतरता तुटते. शिवाय सॅटिनमध्ये सुईची भोके राहतात आणि इस्त्रीचा डागही बसतो, त्यामुळे एकदा चढवल्यावर ते उसवून दुरुस्ती करणे अवघड असते. कच्च्या शिलाईचा ट्रायल सॅटिन लावण्याआधी झाला पाहिजे, हा आग्रह मात्र जरूर धरा. ग्रोग्रेन (बारीक आडव्या रेघांच्या विणीचे कापड) मिळाले तर माझी पसंती त्याला आहे. ते कमी चमकते आणि चुका कमी मिरवते. लॅपल टोकदार ठेवा किंवा शाल (खाच नसलेला, गोलाईचा) ठेवा, परंतु नेहमीच्या सुटाची खाच असलेला नको.

पॅन्टच्या बाहेरच्या शिवणीवर सॅटिनची किंवा वेणीची पट्टी असते. तिच्यामुळे बाहेरची बाजू पुढे कधीच आत घेता येत नाही, पट्टी वाकडी होते. कंबर कमी-जास्त करायची तर मागच्या मधल्या शिवणीतून आणि बॉटम अरुंद करायचा तर आतल्या शिवणीतून. या दोन्ही शिवणींत भरपूर माया (आतले जादा कापड) सोडायला सांगा. बॉटम १५ ते १६ इंच असावा, खाली उलटी पट्टी नसावी आणि पॅन्ट बुटावर जेमतेम टेकावी. पट्टीची रेघ सरळ खाली उतरण्यातच तिची शोभा आहे आणि पॅन्ट बुटावर गोळा झाली की ती रेघ मोडते.

सिंधू_लंडन

गजपट्टी यांनी कोटाबद्दल सगळे सांगितलेच आहे, मी शर्टाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी खरी तारांबळ शर्टामुळे उडते. माझ्या यजमानांना कामाच्या निमित्ताने वर्षातून काही वेळा अशा मेजवान्यांना जावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे ट्रायलला जाताना जो शर्ट त्या रात्री घालणार तोच घालून जावे. पुण्या-मुंबईत आपण टी-शर्ट आणि जीन्सवर कोटाचा ट्रायल देतो आणि मग बाही बरोबर का येत नाही म्हणून टेलरला दोष देतो. डिनर शर्टाचा कफ दुहेरी असतो, त्यात कफलिंक असते, त्यामुळे मनगटाशी त्याची जाडी बरीच होते. कोटाची बाही तळाशी निमुळती असली तर कफ आत अडकतो. हात लांब करून पुन्हा खाली घेतला की एका हाताचा कफ दिसतो आणि दुसऱ्याचा आतच राहतो. आमच्याकडे एका तयार जॅकेटचे असेच झाले आणि शेवटी बाहीचे तोंड मोकळे करून घ्यावे लागले.

शर्टाच्या छातीवर मार्सेला या जाडसर, उठावदार विणीच्या सुती कापडाचा ताठ तुकडा किंवा बारीक प्लीट्स असतात. ताठ तुकडा असेल तर तो पॅन्टच्या पट्ट्याच्या वरच संपायला हवा. पट्ट्याच्या आत गेलेला असेल तर माणूस बसला की तो मधून बाहेर फुगतो आणि कोटाचे बटण उघडे असल्याने सगळ्या टेबलाला दिसतो. रोजच्या शर्टात कापड मऊ असल्याने हा प्रश्नच येत नाही. आपली उंची मध्यम आहे, तेव्हा तयार शर्ट घेताना हे जरूर पाहा. प्लीट्सचा शर्ट या बाबतीत जास्त समजूतदार असतो.

गळ्याचे मापही नीट घ्या. ऑफिसात गळा घट्ट वाटला तर टायची गाठ सैल करून वरचे बटण उघडता येते आणि कोणाला कळत नाही. बो तसा सैल करता येत नाही. रात्रभर बंद राहणारा गळा असल्याने एक बोट सहज आत जाईल एवढी जागा हवी.

कमरबंदाच्या चुण्या वर उघडणाऱ्या बाजूने ठेवतात आणि तो पॅन्टच्या पट्ट्यावर बसतो, पोटावर नाही. त्याखाली कातडी पट्टा कधीही घालू नये, बक्कलचा उंचवटा दिसतो.

सडेतोड

एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजलेले नाही. केंब्रिजमध्ये असे कपडे भाड्याने मिळतात, ते घ्यावेत आणि मोकळे व्हावे. नाही तर आहे तो निळा सूट आणि काळा बो चालवून घ्यावा. हिरवळीवर, अंधारात, हजारभर माणसांत कोण कोणाच्या पॅन्टचा राइज मोजणार आहे? आणि औपचारिकच व्हायचे असेल तर आपला बंदगळा काय वाईट आहे?

गजपट्टी

सडेतोड यांच्या तिन्ही सूचना सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून वेगवेगळी उत्तरे देतो.

भाड्याचा पर्याय चुकीचा नाही, फक्त घेताना कंबर सोडून खांदा आणि सीट यांवर कोट निवडावा, कारण कंबर सैल असली तर कोट बंद करून रात्र काढता येते, खांदा सैल असला तर नाही. भाड्याच्या पॅन्टला बहुधा कमरेला कमी-जास्त करायची सोय असते, पण राइज असेल तेवढाच असतो; तो नंतर वाढवता येत नाही.

निळ्या सुटावर काळा बो हा पर्याय मला पटत नाही. अंधारात कोणी पाहणार नाही हे खरे आहे, पण मग निमंत्रणावर पोशाख लिहिण्यालाच अर्थ उरत नाही. निळ्याचा आग्रहच असेल तर मध्यरात्रीसारखा गर्द निळा रंग डिनर जॅकेटला पूर्णपणे मान्य आहे. ड्यूक ऑफ विंडसरने, म्हणजे गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डने, तो लोकप्रिय केला आणि दिव्याच्या उजेडात तो काळ्यापेक्षाही अधिक काळा दिसतो, कारण काळे कापड कृत्रिम उजेडात थोडे हिरवट किंवा तपकिरी झाक दाखवते. मात्र लग्नाच्या सुटाचा निळा तो नव्हे.

बंदगळ्याबद्दल मात्र मी सडेतोड यांच्या बाजूचा आहे. ब्लॅक टायच्या अनेक निमंत्रणांत राष्ट्रीय पोशाख चालतो, तरी आयोजक समितीला आधी विचारून घ्यावे. फिटिंगच्या दृष्टीने तो सोयीचाही आहे, कारण गळ्यापासून खाली सगळे बंद असल्याने शर्ट, बो, कमरबंद आणि तो त्रिकोण हे सगळे प्रश्न एकदमच मिटतात. त्याची कसोटी गळ्यापाशी आहे. कॉलर घट्ट झाली तर हनुवटीखाली वळी पडते, सैल झाली तर मान खाली घातली की पुढे ओठ काढल्यासारखी उघडते. छातीही सबंध बंद असते, त्यामुळे लूझिंग कमी करून चालत नाही.

लाटांवरून

मी नौदलातून निवृत्त झालो आहे आणि कपड्यांच्या धंद्यातला नाही, त्यामुळे फक्त एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. मेस नाइटला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या औपचारिक मेजवानीला, जेवण लांबते आणि राष्ट्रपतींच्या नावाने टोस्ट झाल्याखेरीज कोणी टेबलावरून उठत नाही. अशा प्रसंगी कपडा उभ्याने कसा दिसतो यापेक्षा दीर्घकाळ बसल्यावर तो काय करतो, हे जास्त महत्त्वाचे ठरते. मेस जॅकेट कमरेपर्यंतच असते आणि पुढून बंद होत नाही, म्हणजे पॅन्ट खाली सरकली तर ते झाकायला कोटाचा काहीही उपयोग नसतो. म्हणून आमच्या पॅन्ट उंच कमरेच्या असत.

ट्रायलला आरशासमोर उभे राहण्याबरोबर एका सरळ पाठीच्या खुर्चीवर चांगले दहा मिनिटे बसून पाहावे, पाणी मागवून प्यावे, बाजूच्या माणसाशी वळून बोलावे. उठल्यावर कशालाही हात न लावता कोट आणि पॅन्ट जागेवर आली, तरच ती पास. पॅन्ट हाताने वर ओढावी लागली, तर कंबर किंवा राइज यांपैकी काहीतरी चुकले आहे. उभ्याने कंबर अगदी नेमकी असलेली पॅन्ट जेवणानंतर काचते, हे तरुणपणी लक्षात येत नाही. थोडी सैल कंबर आणि गॅलिस (पॅन्ट धरून ठेवणारे, खांद्यावरून जाणारे पट्टे) हा दोन्हींवरचा उपाय आहे.

मांडवी

पणजीहून लिहितो. आमच्याकडे ख्रिस्ती लग्नांत संध्याकाळी बँड असतो, टोस्ट झाला की वॉल्ट्झ सुरू होतो आणि वधू-वरांचे काका-मामासुद्धा सूट घालून रात्री उशिरापर्यंत नाचतात. त्यामुळे इथले जुने टेलर ट्रायलच्या वेळी गिऱ्हाइकाला दोन्ही हात जोडीदाराला धरल्यासारखे वर घ्यायला लावतात. हात वर केल्यावर कोटाची कॉलर मानेपासून सुटून वर आली, तर मुंढा (कोटाला बाही जोडतात ती गोलाई) खोल गेला आहे असे समजावे.

इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. हात मोकळा हलावा म्हणून मुंढा मोठा करून मागतात. मोठ्या मुंढ्याने बाही आणि अंग एकमेकांना बांधले जाते आणि हात उचलला की सगळा कोट त्याच्यासोबत वर जातो. मुंढा बगलेजवळ उंच आणि नेटका असला की हात वर जातो, कोट जागेवर राहतो. ऑफिसच्या सुटात आपण दिवसभर फार तर टेबलावर हात ठेवतो, म्हणून तिथे हा दोष लपतो. मे बॉलला नाचणार असाल, तर ही एक चाचणी विसरू नका. तयार कोटात मुंढा नंतर वर घेता येत नाही, शिवतानाच तो साधावा लागतो, आणि आपण शिवून घेणार आहात हे या दृष्टीने उत्तमच आहे.

उकाड्यामुळे आमच्याकडे काही जण मलईरंगी जॅकेट घालतात. त्याच्या लॅपलला सॅटिन नसते, त्याच कापडाचा लॅपल असतो, आणि पॅन्ट मात्र काळीच. इंग्लंडमध्ये ते शक्यतो टाळावे, तो उष्ण प्रदेशाचा रिवाज आहे. केंब्रिजची जूनमधली रात्र बऱ्यापैकी गार असते, तेव्हा पूर्ण अस्तर आणि मध्यम वजनाची लोकर घ्या. पातळ कापड अंगाला चिकटते आणि पॅन्टची रेघही धरून ठेवत नाही.

कृष्णाकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टायमुळे तो त्रिकोण झाकला जात होता, हे वाचून निळा सूट टाय न लावता घालून पाहिला आणि अगदी तसाच पांढरा तुकडा दिसला. आयोजकांना बंदगळ्याबद्दल विचारले असता तो चालेल असे कळले, तरी डिनर जॅकेट पुढेही उपयोगी पडेल म्हणून तेच शिवायचे ठरवले आहे.

टेलरकाकांना फोन करून उंची कमी न करण्याबद्दल आणि राइजबद्दल सांगितले. उंचीचे त्यांनी ऐकले, राइजबद्दल मात्र त्यांचे म्हणणे असे की एवढ्या वर पॅन्ट बांधली तर ती पोटावरून खाली घसरणारच, आणि आजची मुले अशी पॅन्ट घालत नाहीत. लूप आणि कातडी पट्टा ठेवून राइज फक्त अर्धा इंच वाढवू, असे ते म्हणतात. अर्ध्या इंचाने काम भागेल का? आणि डबल ब्रेस्टेड जॅकेट घेतल्यास कमरबंद लागत नाही, असे वाचले. ते खरे असल्यास तोच सोपा मार्ग ठरेल का?

गजपट्टी

डबल ब्रेस्टेडबद्दल आपण वाचलेत ते खरे आहे. पुढचे दोन पल्ले एकमेकांवर येतात, कोट बंदच ठेवतात, त्यामुळे कमरबंद किंवा वेस्टकोट लागत नाही आणि त्रिकोणही दिसत नाही. परंतु आपली उंची ५ फूट ८ इंच आणि सीट भरलेली आहे. पोटावर कापडाचे दोन थर आणि मागे कट नसलेला घेर, अशाने मधला भाग रुंद दिसण्याचा संभव आहे. शिवाय बसताना बटण उघडले तर पल्ला लोंबतो आणि बंद ठेवले तर घेराला आणखी मोकळीक द्यावी लागते. रात्रभर नाचायचे असल्याने मी आपल्यासाठी एक बटणाचाच कोट शिवला असता.

अर्ध्या इंचाने भागणार नाही. त्याने पट्टा ना कमरेवर येईल ना नितंबांच्या हाडांवर राहील, आणि काकांना भीती वाटते तशी पॅन्ट खरोखरच घसरत राहील. घसरण्याचे कारण उंची नाही, कंबरेचे माप चुकीच्या जागी घेतले जाणे हे आहे. आपली ३३ ही कंबर बहुधा जीन्स बांधता तिथली असणार. बेंबीपाशी टेप धरला तर आकडा वेगळा येईल, काहींचा कमी आणि पोट सुटलेल्यांचा जास्त, आणि पॅन्ट त्या आकड्यावर कापली पाहिजे. काकांना म्हणावे, टेप बेंबीवर धरा, श्वास सोडलेला असताना माप घ्या आणि त्यात अर्धा इंच सोडा.

लूप काढून टाकायला सांगा. त्याऐवजी पट्ट्याच्या आतून गॅलिससाठी सहा बटणे लावून घ्या, पुढे दोन-दोनच्या दोन जोड्या आणि मागे मधोमध एक जोडी, आणि पट्टा मागच्या बाजूला पुढच्यापेक्षा थोडा वर चढवा म्हणजे वाकल्यावर मागून शर्ट सुटणार नाही. गॅलिस खांद्यावरून पॅन्ट धरते, कमरेला आवळत नाही, म्हणून लाटांवरून यांनी सांगितलेली थोडी सैल कंबर ठेवता येते. पुढे दोन्ही बाजूंना एकेक प्लीट घेतली, तर बसल्यावर मांड्यांना जागा मिळते आणि पट्टीची रेघही ताणली जात नाही.

काका तरीही तयार नसतील, तर एक तडजोड सुचवतो. त्यांना आधी फक्त पॅन्ट कापायला सांगा, तीही त्यांच्याकडच्या एखाद्या उरलेल्या स्वस्त कापडात, कच्च्या शिलाईने. ती गॅलिस लावून आपण घाला, वर निळ्या सुटाचा कोट बंद करा, टाय लावू नका आणि त्यांच्याच आरशासमोर उभे राहा. मग खरे कापड कापायला घ्यावे, आणि पट्टी व सॅटिन सर्वांत शेवटी, पॅन्टची उंची बुटांसकट पक्की झाल्यावर.